टेम्प्लेट हलकं ठेवायला पॉवरपॉइंट किती कामाचं?

कोऱ्या पॉवरपॉइंट फाइलचं वजन साधारण 30 ते 50 केबी भरतं. तेवढ्यात एक मास्टर (सगळ्या स्लाइड्सचा मूळ साचा), 11 लेआउट (स्लाइडच्या मांडणीचे तयार नमुने), रंगसंगती आणि फॉण्टची जोडी एवढा ऐवज असतो. म्हणजे टेम्प्लेटला लागणारा सगळा सांगाडा पन्नासेक केबीत मावतो. तरी ऑफिसांमधून फिरणारी टेम्प्लेटं 12, 18, कधी 40 एमबीची निघतात. आणि हे वजन एकदाच सोसून भागत नाही, कारण त्या टेम्प्लेटवरून बनलेली प्रत्येक फाइल ते जन्मतःच घेऊन येते. 12 एमबीच्या टेम्प्लेटवरून वर्षात 300 प्रेझेंटेशन्स झाली, तर मजकुराचं एक अक्षर लिहायच्या आधीच 3.6 जीबी खर्ची पडले. आडात जे असेल तेच पोहऱ्यात येणार.

विंडोजवरचं मायक्रोसॉफ्ट 365 मधलं पॉवरपॉइंट इथे फक्त या एका कसोटीवर पाहिलं आहे: टेम्प्लेट बनवणाऱ्याला फाइल आटोक्यात ठेवायला ते कितपत साथ देतं. निकाल आधीच सांगायचा तर, तयार प्रेझेंटेशन आटवायला त्यातली साधनं चांगली आहेत, टेम्प्लेट आटवायला अर्धवट आहेत. सगळ्यात उपयोगी खिडकी तर पॉवरपॉइंटच्या बाहेरच उघडते.

'कॉम्प्रेस पिक्चर्स': चांगलं, पण एका अटीवर

चित्र निवडलं की वर 'पिक्चर फॉरमॅट' हा टॅब येतो, त्यात डावीकडे 'कॉम्प्रेस पिक्चर्स'चं बटण असतं. खिडकीत वर दोन खुणा असतात. 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ही आधीपासूनच टिक केलेली असते आणि बहुतेकांची चूक इथेच होते. ती न काढता ओके दाबलं की एकच चित्र आटतं, बाकीची तशीच राहतात, आणि मग 'कॉम्प्रेस करून काही फरक पडत नाही' अशी तक्रार सुरू होते. दुसरी खूण 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'ची. तिच्याबद्दल पुढे.

खाली रिझोल्यूशनचे पर्याय आहेत: 330, 220, 150 आणि 96 पीपीआय (दर इंचाला इतके पिक्सेल), शिवाय मूळ चित्राला हात न लावणारं 'हाय फिडेलिटी'. हे आकडे हवेतले नाहीत. रुंद स्लाइड 13.33 बाय 7.5 इंचांची असते. पूर्ण स्लाइडभर पसरलेलं चित्र 150 वर 2000 बाय 1125 पिक्सेलचं होतं, 220 वर 2933 बाय 1650 चं, 330 वर 4400 बाय 2475 चं आणि 96 वर 1280 बाय 720 चं. सभागृहातला प्रोजेक्टर किंवा मीटिंगरूममधला टीव्ही बहुतेक वेळा 1920 बाय 1080 चा. त्यामुळे पडद्यावर दाखवायच्या कामाला 150 पुरतं. छापील प्रत काढायची असेल तर 220. 330 चा आग्रह धरणाऱ्याला आधी छापखाना कोणता ते विचारावं.

अट अशी की हा हिशेब चित्र स्लाइडवर ज्या मापात ठेवलंय त्या मापाचा असतो. दोन इंच रुंदीच्या चौकटीतलं चित्र 150 वर आटवलं की 300 पिक्सेलचं उरतं. उद्या कुणी तेच ओढून पूर्ण स्लाइडभर केलं, तर चेहरे पिठासारखे दिसणार. टेम्प्लेटमध्ये नमुन्याची छोटी चित्रं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'. क्रॉप केलेला भाग पॉवरपॉइंट फक्त लपवतं, टाकत नाही. टेम्प्लेटमध्ये जो पिक्चर प्लेसहोल्डर, म्हणजे चित्रासाठी राखलेली रिकामी चौकट, असतो तोही हेच करतो: वापरणाऱ्याने 4000 बाय 3000 चा मोबाइलवरचा फोटो उभ्या अरुंद पट्टीत टाकला की पट्टीभर दिसतो, बाकीचा सगळा फोटो आत दडून राहतो. तेव्हा तयार प्रेझेंटेशनमध्ये ही खूण करावीच. पण टेम्प्लेटमध्ये ती उलटू शकते. एकच मोठं चित्र पाच लेआउटवर पाच वेगवेगळ्या तऱ्हेने क्रॉप करून वापरलेलं असेल, तर फाइलमध्ये त्याची प्रत एकच असते. क्रॉप केलेला भाग काढून टाकला की पाचांची पाच वेगळी चित्रं होतात. आटवायला गेलात आणि फुगलं, असा प्रकार दिसला तर आधी इथे पाहावं.

टेम्प्लेटच्या दृष्टीने या बटणाची खरी मर्यादा वेगळीच आहे. टेम्प्लेटमध्ये स्लाइड्स जवळपास नसतातच. चित्रं असतात मास्टरवर, लेआउटवर आणि बॅकग्राउंडमध्ये. नेहमीच्या दृश्यात एखादं चित्र निवडून 'सगळ्यांना लागू करा' म्हटलं म्हणजे लेआउटवरचीही आटली असं गृहीत धरू नये. 'व्ह्यू' मधून 'स्लाइड मास्टर'मध्ये जावं, तिथलं चित्र निवडावं, तिथे कॉम्प्रेस करावं आणि आकडा तपासावा. 'फॉरमॅट बॅकग्राउंड'मधून भरलेलं चित्र तर माउसने निवडताच येत नाही. ते आत घालण्याआधीच तयार केलेलं बरं: 1920 बाय 1080, जेपेग, दर्जा 75 ते 80. फोटो पीएनजीमध्ये असेल तर त्या मापाला सहज 2 ते 4 एमबी होतात, जेपेगमध्ये तोच फोटो साधारण 200 ते 500 केबीत बसतो. पीएनजी लोगो, आकृत्या आणि पारदर्शक कडांसाठी ठेवावं. दोन रंगांच्या छटेची पार्श्वभूमी हवी असेल तर चित्र मुळीच नको. पॉवरपॉइंटचा स्वतःचा ग्रेडियंट म्हणजे फाइलमधल्या चार ओळी.

टेम्प्लेटबरोबर प्रवास करणारी एक सेटिंग

'फाइल', 'ऑप्शन्स', 'अॅडव्हान्स्ड', आणि तिथे खाली 'इमेज साइझ अँड क्वालिटी'. या भागाला पूर्ण गुण. शेजारच्या यादीत फाइलचं नाव दिसतं, कारण ही सेटिंग संगणकाची नसून त्या फाइलची असते. ती फाइलच्या आत 'प्रेसप्रॉप्स' नावाच्या एक्सएमएलमध्ये (नोटपॅडमध्ये वाचता येईल अशा मजकुराच्या फाइलमध्ये) लिहिली जाते. म्हणजे टेम्प्लेटमध्ये डीफॉल्ट रिझोल्यूशन 150 ठेवून सेव्ह केलं की त्यावरून बनणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलमध्ये तेच 150 येतं, आणि लोकांनी टाकलेले फोटो सेव्ह करताना आपोआप आटतात. कुणाला काही शिकवावं लागत नाही. त्या एक्सएमएलमध्ये 'डीफॉल्ट इमेज डीपीआय'पुढे 32767 हा विचित्र आकडा दिसला तर दचकू नका. 'हाय फिडेलिटी' म्हणजे 'आटवू नकोस' हे सांगायची ती पॉवरपॉइंटची रीत आहे. टेम्प्लेटमध्ये हा आकडा असेल, तर पुढे फायली का फुगतात याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

तिथलंच 'डिस्कार्ड एडिटिंग डेटा' हेही चालू करावं. 'रिमूव्ह बॅकग्राउंड', 'आर्टिस्टिक इफेक्ट्स', उजेड-रंगातले काही बदल केले की पॉवरपॉइंट मूळ चित्राची आणखी एक प्रत आत ठेवतं, मागे फिरायची सोय म्हणून. ती 'एचडीफोटो1' अशा नावाने आणि डब्ल्यूडीपी एक्स्टेन्शनने बसते आणि दिसणाऱ्या चित्रापेक्षा कधीकधी जड असते. पडद्यावर तिचा मागमूस नाही. तोटा एकच: नंतर 'रीसेट पिक्चर' दाबून मूळ चित्र परत मिळत नाही. तेव्हा मूळ चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावीत.

पोटात काय आहे ते पाहा

पॉवरपॉइंटची सगळ्यात मोठी उणीव ही की फाइलचं वजन कुठे आहे ते ते सांगतच नाही. 'इन्फो'च्या पानावर एकूण आकडा दिसतो, बस्स. कोणत्या लेआउटवर किती एमबी, कुठला फॉण्ट किती केबी, याची यादी कुठेच नाही. मोबाइलवरचं साधं गॅलरी अॅप जागा कुणी खाल्ली ते दाखवतं, आणि इथे मात्र अंधारात चाचपायचं.

सुदैवाने 2007 पासूनची पीपीटीएक्स (प्रेझेंटेशन) आणि पीओटीएक्स (टेम्प्लेट) फाइल म्हणजे मुळात झिप असते. प्रत काढावी, तिचं एक्स्टेन्शन झिप करावं आणि उघडावी. सेव्हन-झिप हा झिप उघडणारा प्रोग्रॅम असेल तर नाव बदलायचीही गरज नाही: उजवं क्लिक, 'ओपन आर्काइव्ह'. आत 'पीपीटी' फोल्डर, त्यात 'मीडिया'. साइझच्या क्रमाने लावलं की चोर समोर उभे राहतात. समजा, 14 एमबीच्या टेम्प्लेटमध्ये 'इमेज7.पीएनजी' 6 एमबीचं दिसलं. ते कुठे वापरलंय? 'स्लाइडलेआउट्स' फोल्डरमध्ये आणखी एक 'रेल्स' नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या छोट्या फायली नोटपॅडमध्ये उघडून 'इमेज7' शोधावं. 'स्लाइडलेआउट9'च्या फाइलमध्ये सापडलं तर त्या लेआउटची फाइल तुमच्या हाती आली. लेआउटचं पडद्यावरचं नाव त्याच क्रमांकाच्या एक्सएमएलमध्ये 'सीस्लड नेम'पुढे लिहिलेलं असतं. लेआउटमध्ये नाही मिळालं तर मास्टर, थीम, नोट्स मास्टर आणि हँडआउट मास्टर यांची 'रेल्स' पाहावीत. हँडआउट मास्टरवर कुणीतरी कधीकाळी लोगोची पाच एमबीची प्रत टाकून ठेवलेली असते आणि छापायची वेळ कधीच येत नाही.

अनुभवी माणसं इथेच चित्र बदलतातही: तेच नाव, तेच एक्स्टेन्शन ठेवून हलकं चित्र झिपमध्ये आत टाकायचं. चालतं. फक्त झिप उलगडून पुन्हा बांधणार असाल तर बाहेरचं फोल्डर झिप करू नका, आतला ऐवज निवडून करा. 'कंटेंट टाइप्स'ची फाइल झिपच्या पहिल्याच पायरीवर नसेल तर पॉवरपॉइंट 'फाइल दुरुस्त करू का?' असं विचारत बसतं. आणि पीओटीएक्सचं नाव नुसतं बदलून पीपीटीएक्स होत नाही, कारण आपण कोण आहोत हे त्याच 'कंटेंट टाइप्स'मध्ये लिहिलेलं असतं. त्यासाठी 'सेव्ह अॅज'च वापरावं.

याच खिडकीमुळे आणखी एक गैरसमज मिटतो. फाइल मेलला जात नाही म्हणून ती झिप करून पाठवणारे पुष्कळ. आधीच झिप असलेल्या फाइलला आणखी दाबून काय निघणार, आणि आतले जेपेग तर त्याआधीच दाबलेले. जीमेलची मर्यादा 25 एमबीची आहे, पण मेलमध्ये जाताना जोडलेली फाइल सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. म्हणून 19 एमबीची फाइलही काठावर अडकते.

मास्टर आणि त्यांचं वऱ्हाड

दुसऱ्या फाइलमधली एक स्लाइड 'कीप सोर्स फॉरमॅटिंग'ने चिकटवली की ती एकटी येत नाही, तिचं अख्खं वऱ्हाड येतं: मास्टर, त्याचे सगळे लेआउट, त्यांवरची सगळी चित्रं. स्लाइड नंतर काढून टाकली तरी वऱ्हाड मुक्काम ठोकून राहू शकतं, विशेषतः मास्टरवर 'प्रिझर्व्ह'ची टाचणी लागलेली असेल तर. 'स्लाइड मास्टर' दृश्यात डावीकडे '1_ऑफिस थीम', '2_ऑफिस थीम' अशी नावं दिसली की समजावं. जुन्या फाइलवरून नवं टेम्प्लेट बनवणाऱ्यांकडे असे चार-पाच मास्टर सहज निघतात. मास्टर निवडून 'डिलीट' केलं आणि सेव्ह केलं की त्याची चित्रंही फाइलमधून जातात.

लेआउटवर माउस नेला की तो कुठल्या स्लाइडवर वापरलाय ते पॉवरपॉइंट सांगतं. प्रेझेंटेशनमध्ये ही सोय छान. टेम्प्लेटमध्ये बिनकामाची, कारण तिथे स्लाइड्सच नसल्याने सगळ्याच लेआउटवर 'यूज्ड बाय नो स्लाइड्स' असं येतं. कोणता ठेवायचा हे डोकं वापरूनच ठरवावं लागतं. एक मात्र खरं: नुसत्या मजकुराच्या चौकटी असलेला लेआउट काही केबींचाच असतो. वजनासाठी लेआउट उडवायचे तर चित्रं असलेलेच उडवा. बाकीचे उडवायचे ते लोक गोंधळू नयेत म्हणून. चाळीस लेआउटमधून योग्य तो कुणीही शोधत बसत नाही.

लोगो मास्टरवर एकदा ठेवावा, लेआउटवर नको. तोही एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत साठवलेलं चित्र) असावा. पॉवरपॉइंट एसव्हीजीबरोबर एक पीएनजी प्रतही आत ठेवतं, जुन्या आवृत्त्यांसाठी, पण लोगोएवढ्या मापाला ती किरकोळ असते. कोरलड्रॉमधून ईएमएफ (रेषा-आकारांचाच दुसरा प्रकार) आणणाऱ्यांनी जरा जपून: सावली किंवा पारदर्शकता असेल तर निर्यात करताना तेवढा भाग बिटमॅप (पिक्सेलचं चित्र) होतो आणि दहा केबीचा लोगो दोन एमबीचा होऊन येतो. नकाशांचंही तसंच. कोकण किनाऱ्याची प्रत्येक खाडी धरणारा महाराष्ट्राचा नकाशा आकार म्हणून आणला की हजारो बिंदू येतात. झिपमुळे केबी फारसे वाढत नाहीत, पण स्लाइड उघडताना अडखळते. आणण्याआधी इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये 'सिम्प्लिफाय' करून घ्यावा.

देवनागरी फॉण्ट: इथे जरा थांबावं लागतं

'ऑप्शन्स', 'सेव्ह', 'एम्बेड फॉण्ट्स इन द फाइल'. खाली दोन पर्याय: फक्त वापरलेली अक्षरं, किंवा सगळी. पहिल्यासमोर 'फाइल लहान ठेवायला उत्तम' असं लिहिलेलं असतं आणि टेम्प्लेटला तोच पर्याय सगळ्यात निरुपयोगी. टेम्प्लेटमध्ये वापरलेली अक्षरं ती किती? 'शीर्षक इथे लिहा' एवढीच. पुढे कुणी 'ज्ञानेश्वर' लिहायला घेतलं की 'ज्ञ' कुठून आणणार?

सगळी अक्षरं घेतली तर वजन. देवनागरी फॉण्टमध्ये जोडाक्षरं, रफार, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या यांची शेकडो रूपं असतात. त्यामुळे फॉण्टचं एकेक वजन (लाइट, बोल्ड अशी अक्षरांची जाडी) शेकडो केबींपर्यंत जातं. 'एक टाइप' या फॉण्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्त' फॉण्ट अशा सात वजनांत मिळतो. मथळ्याला सेमीबोल्ड, मजकुराला रेग्युलर, तळटिपेला लाइट असा थाट केला की फॉण्टांचाच भार चित्रांच्या बरोबरीला येतो. 'होम'मधल्या 'रिप्लेस फॉण्ट्स'ची यादी उघडून पाहावी. कुठल्याशा बुलेटमध्ये अडकलेला अनोळखी फॉण्टही तिथे सापडतो.

म्हणून एम्बेड करायची गरजच पडू नये अशी रचना करावी. विंडोज 8 पासून 'निर्मला यूआय' प्रत्येक संगणकावर असतो, 'मंगल' त्याहून जुना. थीममध्ये देवनागरीसाठी वेगळी नोंद असते आणि डीफॉल्ट ऑफिस थीममध्ये तिथे 'मंगल' लिहिलेलं असतं. 'डिझाइन'मधल्या 'व्हेरियंट्स', 'फॉण्ट्स', 'कस्टमाइझ फॉण्ट्स' मध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा रकाना दिसायला ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी किंवा हिंदी जोडलेली असावी लागते. तिथे 'निर्मला यूआय' भरला की शून्य केबीत देवनागरी नीट दिसते. मॅकवाल्यांकडे हा फॉण्ट नसेल तर दुसरा येईल आणि ओळी थोड्या सरकतील, तेव्हा चौकटीत जागा ढिली ठेवावी.

श्रीलिपीच्या काळातले नॉन-युनिकोड फॉण्ट हा वेगळाच मामला. त्यात मराठी अक्षर खरं तर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र असतं. फॉण्ट नसेल तर समोरच्याला इंग्रजी कचरा दिसतो, म्हणून एम्बेड करणं भाग पडतं, आणि परवान्यात बंदी असेल तर तेही होत नाही. नव्या टेम्प्लेटमध्ये हे नकोच. मजकूर युनिकोडमध्ये आणूनच पुढे जावं.

उरलंसुरलं, आणि दुसरे पर्याय

एक्सेलमधला चार्ट 'एम्बेड वर्कबुक'ने चिकटवला की नुसता चार्ट येत नाही, पूर्ण वर्कबुक 'एम्बेडिंग्ज' फोल्डरमध्ये येतं. वजनापेक्षा भीती वेगळी: पगाराची शीट त्या वर्कबुकमध्ये असेल तर टेम्प्लेटबरोबर तीही सगळ्या ऑफिसात वाटली गेली. नमुन्याचा चार्ट पॉवरपॉइंटमध्येच 'इन्सर्ट चार्ट'ने करावा. व्हिडिओ टेम्प्लेटमध्ये नकोच. प्रेझेंटेशनमध्ये असेल तर 'इन्फो'मधल्या 'कॉम्प्रेस मीडिया'त 720पी पुरतं.

मॅकवर 'फाइल' मेन्यूतच 'कॉम्प्रेस पिक्चर्स' आहे, ते जास्त सोयीचं. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये 'टूल्स'खाली 'मिनिमाइझ प्रेझेंटेशन' आहे, फुकट. वापरात नसलेले मास्टर, क्रॉप केलेले भाग, नोट्स, ओएलई वस्तू (दुसऱ्या प्रोग्रॅममधून आणून बसवलेल्या) असं एकेक विचारत ते जातं आणि हवी तर नवी प्रत बनवतं. पॉवरपॉइंटमध्ये असा क्रमवार सहायक नाही, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. पण पॉवरपॉइंटसाठीच्या टेम्प्लेटवर ते चालवू नये. 'वापरात नसलेले मास्टर काढा' या खुणेने टेम्प्लेटचा जीवच जाऊ शकतो, आणि इम्प्रेसमधून परत सेव्ह झालेल्या फाइलचे प्लेसहोल्डर पॉवरपॉइंटमध्ये जसेच्या तसे राहतील याची खात्री नसते. एनएक्सपॉवरलाइट हे विकतचं साधन जुन्या प्रेझेंटेशन्सचा ढीग एकगठ्ठा आटवायला बरं. एका टेम्प्लेटसाठी पैसे घालू नयेत, तेवढ्यात सेव्हन-झिप आणि एक दुपार पुरते.

माप काय धरावं? फोटो नसलेलं, 12 ते 15 लेआउटचं टेम्प्लेट 1 एमबीच्या आत बसायला हवं. मुखपृष्ठावर आणि विभागाच्या पानांवर मिळून चार-पाच फोटो असतील तर 3 एमबी. त्यापुढे गेलं की 'मीडिया' फोल्डर उघडा आणि साइझच्या रकान्यावर क्लिक करा.